दोन सीटचं विमान

बेसिंगस्टोक, इंग्लंड,
रविवार

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगणार होते, पण आई, तू एकदा "अगंबाई" म्हणालीस की माझं पुढचं सगळं घशातच राहतं. म्हणून लिहितेय. आधी निकाल सांगते, मग कारणं: मी विमान चालवायला शिकतेय. चौकशा झाल्या, तुमच्या जावयांशी वाद झाला, पैसे भरून झाले, धडेही सुरू झालेत. बाबा, हसू नका, आधी आईला पाणी द्या.

मोठं विमान नाही गं. मायक्रोलाइट म्हणतात त्याला. दोन सीट, एक पंखा. विमान, पेट्रोल, माणसं सगळं मिळून वजन ४५० किलोच्या आत, असा इथला नियम कित्येक वर्षं होता. २०२१ मध्ये तो ६०० किलोपर्यंत वाढवला. तू व्हिडिओत बघितलं होतंस ना, वर पतंगासारखं कापड आणि खाली उघड्यावर बसलेला माणूस? तोही मायक्रोलाइटच, पण मी तो घेतलेला नाही. माझं बंद केबिनचं आहे, इकारस सी-४२. डोक्यावर पंख, दोन्ही बाजूंना दारं. शिवाय आत थर्मल, वर जाकीट आणि कानांवर हेडसेट असतोच. तेव्हा कानात वारं जाईल ही काळजी सोड.

आता तुम्ही विचाराल, शिकायचंच होतं तर नेहमीचं चार सीटचं विमान का नाही? मी तिथेही जाऊन आले. त्याच्या लायसन्सला कमीत कमी ४५ तास उडावं लागतं आणि ९ लेखी परीक्षा. मायक्रोलाइटला कमीत कमी २५ तास, त्यातले १० एकटीने, आणि परीक्षा ५. प्रत्यक्षात दोन्हीकडे जास्तच लागतात, पण हिशेब त्याच प्रमाणात वाढतो. माझ्या धड्याला तासाला साधारण दीडशे पौंड पडतात, तिथे दोनशेच्या वर सांगत होते. तिथल्या जुन्या चार सीटच्या सेस्ना विमानाला तासाला तीस-पस्तीस लिटर पेट्रोल लागतं, तेही शिसं घातलेलं, विमानाचं वेगळं, महागडं. माझं १२-१५ लिटरमध्ये भागतं आणि गाडीत घालतो तेच पेट्रोल चालतं.

पण खरं कारण त्याच्याही पुढचं आहे आणि आई, ते मुख्यतः तुझ्यासाठी आहे. महागडं लायसन्स काढायचं आणि मग परवडत नाही म्हणून महिनोन् महिने विमानाला हात लावायचा नाही, असं पुष्कळांचं होतं. हात बसलेला राहिला नाही की भीती तिथे असते. मला थोडंच उडायचंय, पण नेमाने, आणि ते मायक्रोलाइटवरच जमणार आहे. पुढे चार-पाच जणांनी मिळून एक विमान घ्यायचं, तसं इथे सर्रास करतात.

भीतीचंच बोलायचं तर, वेग ताशी ६५ किलोमीटरपर्यंत उतरला तरी हे हवेत टिकतं. दादा सातारा रोडवर याहून जोरात जातो आणि त्याला तू कधी काही बोलत नाहीस. ढगात शिरायचं नाही, रात्री उडायचं नाही, वारा जास्त असला की गपचूप घरी. मास्तर मधेच न सांगता थ्रॉटल मागे ओढतात आणि विचारतात, "इंजिन बंद पडलं, आता कुठे उतरणार?" तोवर मी खालचं एक शेत हेरून ठेवलेलं असावं लागतं. गुरं नसलेलं, विजेच्या तारा नसलेलं, वाऱ्याच्या तोंडाला. आता मोटरवेने जातानाही मी शेतंच बघत असते.

बाबा, इंजिन तुम्हाला आवडेल. रोटॅक्स ९१२, फोर स्ट्रोक, चार सिलिंडर, ८० हॉर्सपॉवर. सिलिंडर हवेने गार होतात, हेड मात्र पाण्याने. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इग्निशनही दोन, एक गेलं तर दुसऱ्यावर चालतं. तेल बघायची तऱ्हा तर तुम्ही डेपोतही पाहिली नसेल. स्विच बंद आहेत ना ते दोनदा बघायचं, मग पंखा हाताने, योग्य त्याच दिशेने, सावकाश फिरवत राहायचं. इंजिनातलं तेल टाकीत परत येतं आणि शेवटी टाकीतून गुडगुड असा आवाज येतो. तो आला की डिपस्टिक पुसून बघायची. मी पहिल्यांदा फिरवलं तेव्हा तुमची आठवण आली, हे आपलं उगाच सांगते. कराडच्या विमानतळाच्या कुंपणापाशी, सायकलच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून, मला किती वेळा नेऊन बसवलंत! विमान क्वचितच यायचं, पण तुमच्या खिशात शेंगदाणे असायचेच.

एक गोष्ट मात्र सलते. चार सीटचं असतं तर तुम्हा दोघांना एकदम वर नेता आलं असतं. यात एका वेळी एकच. पण लायसन्स हातात आल्याशिवाय मी कुणालाही बसवणार नाही, आणि तेव्हाही आधी आई. वजन मोजूनच बसावं लागतं, तेव्हा आई, खरा आकडा सांग, लग्नातला नको. पॉपमचं विमानांचं मैदान आमच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. गवताची धावपट्टी, शेजारून हायवे, बसायला बाकडी, चहा मिळतो. गुडघा दुखला तर खाली बसून नुसतं बघ, कुणी आग्रह करणार नाही.

पैशांची काळजी नको. तुमच्या महिन्याच्या पैशांना, मावशींच्या पगाराला, नातीच्या शिक्षणाच्या खात्याला धक्का लागलेला नाही. मी जिम सोडलं, दुसरी गाडी विकली, त्यातून हे चाललंय. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं दादाला सांगितलंय, तो या आठवड्यात बदलून देईल. दिली नाही तर मला कळवा.

आता माझं ऐका. बाबा, मोतीबिंदूचं दिवाळीनंतर बघू, हे मागच्या दिवाळीतही ऐकलं होतं. इकडे यायच्या आधी ऑपरेशन झालं पाहिजे, डॉक्टरांची तारीख घ्या आणि मला फोटो पाठवा. आई, बीपीची गोळी सकाळची सकाळीच, "आज उपास आहे" चालणार नाही. व्हिसाचे कागद निळ्या फाईलमध्ये ठेवा, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात नको, मागच्या वेळी तेलाचे डाग पडले होते.

रागवायचं असेल तर रागवा, पण दोन दिवसांनी.

तुमची,
बेबी

ता. क. माईआत्याला इतक्यात कळवू नका. ती आबाकाकांचं सगळं पुन्हा उकरून काढेल आणि आईचं बीपी वाढेल.