थंड माशांचं ताट

मालागा, स्पेन
२२ जुलै

प्रिय बाबल्या,

तुझं पत्र मिळालं. खानावळीत पुढच्या मे महिन्यात थंड माशांचं ताट सुरू करायचं तुझ्या डोक्यात आलंय आणि त्यावर आये म्हणाली, "पावण्यांका शिळा घालतलस?" हे वाचून एकटाच हसत बसलो. तिला माझा नमस्कार सांग. प्रश्न तिने अगदी मुद्द्याचा विचारलाय. हे सगळं पत्र त्याचंच उत्तर समज.

कालपासून इथे तेर्राल सुटलाय. एरवी समुद्राकडून वारा येतो म्हणून बरं असतं, पण हा वारा जमिनीकडून, डोंगर उतरून येतो. कोरडा आणि भाजणारा. पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवशी दुपारी चूल पेटवायची कोणाला इच्छा होत नाही. जेवायलाही तीन वाजतात, आणि ताटात येतं ते सगळं फ्रीजमधलं. मासेसुद्धा.

इथला सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे व्हिनेगरातले बोकेरोन. बोटभर लांबीचा मासा, आपल्या मांदेलीच्या दूरच्या नात्यातला. मालागाच्या माणसांना बाकीचे स्पॅनिश लोक चिडवायला 'बोकेरोन'च म्हणतात. काटा काढून मासा उघडायचा, बर्फाच्या पाण्यात रक्त निघून जाईपर्यंत ठेवायचा, मग व्हिनेगर आणि मिठात बुडवायचा. काही तासांत पांढराशुभ्र होतो. वर लसूण, पार्सली, ऑलिव्ह तेल. बटाट्याच्या वेफर्सबरोबर खातात. मला वेड लागलंय त्याचं. पण तू हे करू नकोस. मासा पांढरा झाला म्हणजे शिजला असं डोळ्यांना वाटतं, आत तो कच्चाच असतो. अनिसाकिस नावाचा बारीक जंत व्हिनेगरात मरत नाही. म्हणून २००६पासून इथे कायदाच आहे: असा मासा वाढणाऱ्या हॉटेलांनी तो आधी उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवायचा. घरच्या फ्रीजरला तर पाच दिवस सांगतात. तुझ्या फ्रीजरला उणे २० झेपेल? आणि मे महिन्यात मालवणात वीज गेली की?

तेव्हा कच्चं काही नको. शिंपल्यातली कच्ची शिनाणे, कालवं तर मुळीच नकोत. इथेही उन्हाळ्यातल्या ताटातले बहुतेक मासे आधी नीट शिजवलेलेच असतात, आणि तुझ्या कामाचे तेच.

पहिला एस्काबेचे. बांगडा किंवा पेडवे तळून घ्यायचे. त्याच तेलात लसूण, तमालपत्र, काळी मिरी घालायची, मग व्हिनेगर, एक उकळी, आणि ते माशांवर ओतायचं. निवलं की लगेच फ्रीज. दुसऱ्या दिवशी खायचं, त्याआधी नाही. आंबटपणा काट्यापर्यंत मुरायला तेवढा वेळ लागतोच. आता आयेला विचार, बांगड्याचं तिखलं ती कधी खाते? दुसऱ्या दिवशी सकाळी, भाकरीबरोबर. मग शिळं कोणतं आणि मुरलेलं कोणतं, हे तिच्याइतकं कोणाला कळतं?

व्हिनेगर गोव्यातून माडाचं आण. कारखान्यातलं पांढरं नुसतं झोंबतं. आणि खोबरेल वापरू नकोस, हे दोनदा वाच. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, पाहुण्याच्या ताटात मेणासारखं दिसेल. ऑलिव्ह तेलही फ्रीजमध्ये गढूळ होतं, पण बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत पूर्ववत होतं.

दुसरा साल्पिकोन. उकडलेली कोळंबी, ऑक्टोपस, शिनाणे. त्यात बारीक चिरलेला टोमॅटो, कांदा, भोपळी मिरची, व्हिनेगर, तेल. तू ऑक्टोपसऐवजी माकूल (स्क्विड) घे आणि व्हिनेगराच्या जागी कैरी किसून घाल. मे महिन्यात कैरीला काय तोटा! कोकमाचं आगळ घालायचा मोह होईल, पण सगळी कोळंबी जांभळी होईल, ते कढीतच शोभतं. मीठ आणि आंबट मात्र नेहमीपेक्षा चढं ठेव. थंड पदार्थात चव दबते. गरम असताना चाखून बेतशीर वाटलेलं गार झाल्यावर अळणी लागतं.

कोळंबी उकडण्यात खरी मेख आहे. पश्चिमेकडच्या उएल्व्हा शहराची पांढरी कोळंबी अख्ख्या स्पेनमध्ये नावाजलेली, आणि ती नुसती उकडून थंड खातात, वर काहीच नाही. सालासकट, समुद्राइतक्या खारट पाण्यात, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ. रंग पालटला की एखाद-दोन मिनिटांत बाहेर, आणि थेट बर्फाच्या पाण्यात. तेही खारट हवं, साध्या पाण्यात मुरलेलं मीठ परत निघून जातं. कोळंबी बर्फात पडली की शिजणं तिथेच थांबतं, नाहीतर रबर.

मालागाची स्वतःची एक कोशिंबीरही आहे: खारवलेला कॉड, उकडलेला बटाटा, संत्रं, कांदा, हिरवी ऑलिव्ह. मासा आणि संत्रं ऐकून तू नाक मुरडशील. मीही मुरडलं होतं. कॉड दिवसभर, कधी दोन दिवस, फ्रीजमध्ये पाणी बदलत भिजवून खारटपणा काढतात. आपला खारा बांगडा याला चालणार नाही, वास फार. सुकी सुंगटं (कोळंबी) भाजून किसमूर करतो तीच ठेव ताटात. ती कुठे गरम खातो आपण?

आता भीतीची गोष्ट. बांगडा पकडल्यापासून बर्फातच हवा. उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते मग तळून, उकळून, व्हिनेगर ओतून, कशानेही जात नाही. तोंड लाल, डोकं ठणकतं, अंगावर चट्टे. माशाला वास यायच्या आधीसुद्धा हे होऊ शकतं. म्हणून होडीवरच बर्फ घालणाऱ्याकडूनच घे, दोन रुपये जास्त गेले तरी. आणि वाढलेलं ताट दोन तासांच्या वर बाहेर नको. ३२ अंशांच्या वर पारा असेल तर एकच तास. म्हणजे तुझ्या पडवीत एकच तास धर. उरलं तर टाक, परत फ्रीजमध्ये सरकवू नकोस. तिथे आयेचं ऐक.

मी एस्काबेचे आणि साल्पिकोन दोनच ठेवले असते, बरोबर किसमूर आणि सोलकढी. भात नको, पाव दे. थंड माशाखाली गरम भात आला की दोन्ही बिघडतात.

मासेमारीची बंदी उठली की पहिल्या बांगड्यावर एस्काबेचे करून बघ, आणि वहिनी काय म्हणाली ते कळव. तुझ्या जिभेवर माझा विश्वास नाही, तुला सगळंच आवडतं. बांगड्याचा भावही लिही, म्हणजे ताटाची किंमत काढू.

तुझा,
मिलिंद