बँडमास्तर, तुमच्या दुकानातल्या बैठकीबद्दल

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी आणून देता आलं असतं, पण मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. आर्वी तालुक्यात तुम्हाला लग्नातला बँडवाला म्हणून सगळे ओळखतात, आणि जॅझचा, त्या अमेरिकन संगीताचा, जाणकार म्हणून ओळखणारे आम्ही मोजकेच. हे मला पटत नाही.

आषाढ लागला की तुमच्या तारखा संपतात. तुळशीचं लग्न होईपर्यंत युफोनियम खुंटीला, ड्रम कापडात, आणि ट्रम्पेट चिंचेनं घासून फळीवर. कमाई नसलेल्या त्या महिन्यांत तुम्ही दुकानाचं शटर आमच्यासाठी वर केलंत आणि वरातीचा अँप्लिफायर आमच्या मोबाईलला जोडून दिलात. ज्यानं त्यानं आपलं आवडतं रेकॉर्डिंग आणायचं, एकदा शेवटपर्यंत तोंड न उघडता ऐकायचं आणि मग हवं तेवढं भांडायचं, हा नियम तुमचाच. बँडच्या दुकानात बाईमाणसाचं काय काम, असं गावात बोललं जाणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी उंबऱ्याशीच घुटमळले होते. "दारात काहून उभी हायेस बाई, आत ये," एवढंच तुम्ही म्हणालात आणि खुर्ची पुढे सरकवलीत. त्या खुर्चीचे आभार आधी.

अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममधलं 'सो व्हॉट' मी घरी कितीदा तरी लावलं होतं. छान वाटायचं, पण हाती काही लागायचं नाही. तुम्ही ते लावलंत आणि म्हणालात, "थो ट्रम्पेट कुठी पळून जात नाही. पयले खालचा बेस आयक." पॉल चेंबर्सचा बेस, खर्जातलं ते तंतुवाद्य, कानाला सापडला आणि सगळं हळूहळू उलगडत गेलं. मग तुम्ही पेटी ओढलीत. पांढरी दोन ही पट्टी सा धरून फक्त पांढऱ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवलीत. तो आपला काफी थाट, काफीचे सात सूर. चार मात्रांचा एक बार, असे सोळा बार तिथेच. मग अख्खा काफी उचलून काळी दोनवर नेलात, आठ बार. पुन्हा खाली, आठ बार. बत्तीस बारांचं हे चक्र फिरत राहतं आणि त्यावर एकेक जण आपलं म्हणणं मांडतो. आपल्याकडे एकदा लावलेला सा मैफल संपेपर्यंत हलत नाही, इथे तो अर्ध्या स्वरानं वर सरकतो आणि परत येतो, हे तुम्ही बोटानं दाखवलंत. त्यानंतर कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्लीचे सॅक्सोफोन, बिल एव्हान्सचा पियानो ऐकताना ते चक्रात कुठे आहेत हे मला कळायला लागलं. हे शिकवायला तुम्ही एकही पुस्तकी शब्द वापरला नाहीत.

भांडणंही किती रंगली! भजनी मंडळाच्या तबलजींनी डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीच्या 'टेक फाइव्ह'चे पाच ठोके मांडीवर मोजले आणि तीन-दोनची विभागणी ऐकून "हा त उलटा झपताल," असं जाहीर केलं. गुरुजींचं एकच म्हणणं: ड्रमच्या झांजेवर ती झुलती चाल, तो स्विंग नसेल तर जॅझ नाही. पॉलिटेक्निकचा पोरगा म्हणे, आयत्या वेळी सुचलेलं वाजवणं म्हणजे जॅझ. त्यावर तबलजींनी विचारलं की मग भजनातले आलाप, ख्यालातल्या ताना काय पाठ केलेल्या असतात का? सगळे गप्प.

तेव्हा तुम्ही बँडचा म्होरक्या ड्यूक एलिंग्टनचं 1940 सालचं 'कॉन्चेर्टो फॉर कूटी' लावलंत. त्यातलं जवळपास सगळं आधीच लिहून बसवलेलं, आणि तरीही जॅझ नव्हे म्हणायची कुणाची छाती होईना. कारण एलिंग्टननं ते कुठल्याही ट्रम्पेटसाठी लिहिलंच नव्हतं, आपल्याच बँडातल्या कूटी विल्यम्सच्या ट्रम्पेटसाठी लिहिलं होतं. त्याचा तो गुरगुरणारा आवाज कसा निघतो हे कुणाला कळेना, तर तुम्ही घरून स्टीलचा वाडगा मागवलात. फळीवरचा ट्रम्पेट ओठाला लावलात आणि वाडगा तोंडावर झाकत-उघडत एकच सूर धरलात. सूर बोलायला लागला, कण्हायला लागला. वाडग्याच्या काठाला भाजीचा पिवळा डाग तसाच होता. वर्षानुवर्षं वरातीत तुम्हाला ऐकत आलो, पण त्या ट्रम्पेटात हा आवाज आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

माझं स्वतःचं मत मी बैठकीत धीटपणे मांडू शकले नाही, इथे मांडते. स्विंग असो, आयत्या वेळची उपज असो, ब्लूज, ती दुःखाची गाणी, बाजूला काढून जॅझची व्याख्या होत नाही, आणि ब्लूज ज्यांच्या हालअपेष्टांतून आला ती अमेरिकेतली काळी माणसं बाजूला काढून तर नाहीच. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात ब्रास बँड मयताला वाजवत जातात आणि दफन झालं की परतताना उडत्या चाली धरतात, हे तुम्ही सांगितलंत. वाद्यं तीच, पलटणीच्या बँडातून आलेली, तुमच्या फळीवर आहेत तीच. लुई आर्मस्ट्राँगच्या 1928च्या 'वेस्ट एंड ब्लूज'ची सुरुवात, साथीला कुणी नाही, एकटा ट्रम्पेट, ती ऐकून तुमचा क्लॅरिनेटवाला पोरगा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

आणि ती 1959ची गोष्ट. 'काइंड ऑफ ब्लू' ऑगस्टमध्ये बाजारात आला आणि आठच दिवसांनी न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबबाहेर पोलिसांनी माइल्स डेव्हिसचं डोकं फोडलं. त्या क्लबात तो स्वतः वाजवत होता, मधल्या वेळात फुटपाथवर उभा होता, एवढाच गुन्हा. हे सांगताना तुमचा आवाज चढला नाही. आमच्याकडे बँडवाल्यांना शेवटच्या पंगतीला बसवतात, कधी मांडवाबाहेरच पत्रावळी देतात. तुम्ही त्यातलं काही बोलला नाहीत, आम्हीच समजून घेतलं. यंदा माझ्या चुलतभावाच्या लग्नात तुमची मंडळी वऱ्हाडाबरोबर पहिल्या पंगतीला बसली. त्यासाठी मी घरात भांडले, आणि पुढेही भांडेन.

गुरुजींचा आणि माझा एक वाद मात्र मिटलेला नाही. सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनचं 'लोनली वुमन', तेही 1959चंच. पियानो नाही, ड्रम घाईत, आणि त्यावर सॅक्सोफोन आणि कॉर्नेट आपल्या मर्जीनं संथ रडतात. गुरुजी म्हणतात हा विस्कोट आहे. मी म्हणते चार्ली हेडनचा बेस धरून ठेवा, म्हणजे काहीही विस्कटत नाही. ही युक्ती कुठून आली ते तुम्हाला ठाऊक आहे. आषाढात पहिल्या बैठकीला मी तेच आणणार आहे. गुरुजींना निरोप द्या की तयारीनं या, आणि वाडगा या वेळी मी आणते.

तुमची ऋणी,
खुर्चीवाली बाई