प्रेक्षकांच्या आधी दालनातली माणसं

पणजी

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचं टिपण वाचलं. येणाऱ्याने घरून जुन्या कापडाचा तुकडा आणायचा आणि दालनातल्या गोधडीला टाका घालून जोडायचा, हे मला आवडलं. टिपणात प्रेक्षक आहेत, क्युरेटर आहे, पैसे देणारेही आहेत. पण दिवसभर त्या गोधडीपाशी उभं कोण राहणार? सुया मोजून कोण ठेवणार? एखाद्या पोराच्या पायात सुई गेली तर बोलणी कोण खाणार? त्या माणसांचा टिपणात पत्ताच नाही.

गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटोळीचा प्रकल्प मी दालनात केला तेव्हा तू बडोद्याला होतीस, म्हणून सगळं सांगते. चवथीच्या सुमारास दालनात लाकडी चौकट टांगायची आणि लोकांनी आपापल्या गावची रानफळं आणून बांधायची, असं ठरलं होतं. उद्घाटनाच्या आधी मी सुरक्षारक्षक, तिकिटावरची मुलगी, साफसफाईच्या बायका, सगळ्यांना चहाला बसवलं. दालनाने आणलेली सुतळी बघून सत्तरी तालुक्यातला एक रक्षक हसलाच. "हें अशें बांदप ना," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कुम्याच्या सालीचे दोर घेऊन आला. माट्टीची फळं, कांगलां, घागऱ्या, कवंडळ. काय आधी बांधायचं, कशाचा भार चौकटीच्या कुठल्या बाजूला द्यायचा, सगळं त्याच्या हातात होतं. मी नुसती बघत होते.

पण खरी अडचण गणवेशाची. गणवेशातला माणूस दिसला की लोक हात मागे घेतात. आणि त्याच्याही तोंडात वर्षानुवर्षांचं "डोंट टच" बसलेलं. पाटीवर "कृपया हात लावा" लिहून काही होत नाही गो. तो स्वतः स्टुलावर चढून कवंडळ बांधायला लागला आणि खाली उभ्या असलेल्या एका बाईंना त्याने विचारलं, "तुमगेर माटोळी कोण बांदता?" मग त्या बाईंचं तोंड थांबेना. पुढच्या दिवशी त्या सुपारीचा शिपटो घेऊन हजर.

सगळेच असे खुलले नाहीत, आणि खुलावेत असं मला वाटतही नव्हतं. साफसफाई बघणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "मला यात घेऊ नका. पानं गळणार, चीक पडणार, मुंग्या येणार, ते सगळं माझ्याच वाट्याला." बरोबरच होतं त्यांचं. साहित्याच्या पैशांतून त्यांच्या जादा तासाचे पैसे काढले, तेव्हा दालनाच्या कचेरीत कपाळावर आठ्या पडल्या. वर तिथूनच फर्मान निघालं, की सगळ्या कर्मचाऱ्यांनी रोज एक तरी फळ बांधायचं! ते मी मागे घ्यायला लावलं. ज्याची नोकरी त्याच दालनात आहे त्याला "नको" म्हणायची सोय नसेल, तर त्याला सहभाग कसला म्हणायचा? ती वेठ झाली.

मिअर्ल लेडरमन युकेलीस ही अमेरिकन कलाकार तुमच्या अभ्यासात असेलच. 1979-80 मध्ये न्यूयॉर्कच्या साडेआठ हजार सफाई कामगारांशी तिने हात मिळवले, प्रत्येकाचे आभार मानले. मोठंच काम. तरी मला 2022 चं बाल्टिमोर जास्त भावतं. तिथल्या कला संग्रहालयात 17 सुरक्षारक्षकांनी एक अख्खं प्रदर्शन रचलं, कुठली चित्रं लावायची ते त्यांनीच ठरवलं, आणि त्या कामाचे पैसेही त्यांना मिळाले. आभारांपेक्षा अधिकार आणि मोबदला बरा, असं माझं मत. तुला पटत नसेल तर भांड.

श्रेयाच्या पाटीवर नाव घालते म्हटलं, तर आमच्या सत्तरीकराला त्यात फारसं काही वाटलं नाही. त्याने वेगळंच विचारलं: "बाई, चवथीक म्हाका सुटी मेळटली?" पर्यटक येतात म्हणून चवथीला दालन उघडं ठेवायचं ठरलं होतं. म्हणजे त्याने आमची माटोळी राखायची आणि त्याच्या घरची दुसऱ्या कुणी बांधायची. दालन दोन दिवस बंद ठेवायला लावलं. त्यासाठी बरीच वादावादी झाली, ती भेटीत सांगेन.

तेव्हा टिपण परत लिही. तिथल्या माणसांशी बोलून ये, मगच लिही. खर्चाच्या तक्त्यात त्यांच्या जादा वेळेची वेगळी ओळ घाल, "इतर" मध्ये ढकलू नकोस. आणि तुझ्या तारखांच्या मधोमध दिवाळी येते आहे, ती पाहिलीस का?

तुझी,
आई