सायलेन्सर फुटलेली गाडी पीयूसीत पास होतेच कशी?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘पीयूसी नाही तर पेट्रोल नाही’, म्हणजे धुराच्या तपासणीचं सर्टिफिकेट नसेल तर पंपावर पेट्रोल द्यायचं नाही, यावर तुमच्याकडे पत्रं येतायत ती वाचतोय. कुणी म्हणतं जाच आहे, कुणी म्हणतं बरं झालं. माझं रत्नागिरीत गॅरेज आहे, सायलेन्सरची कामं जास्त येतात, आणि मला वाटतं दोन्ही बाजूंचे लोक मुद्द्याचं बोलतच नाहीयेत. सर्टिफिकेट असणं नसणं नंतर बघू, पण सायलेन्सरची नळी मध्येच फुटलेली असेल तर मशीन मोजतं तरी काय?

लोकांना वाटतं सायलेन्सरला भोक पडलं की नुसता धूर बाहेर जातो आणि आवाज वाढतो. तसं नाहीये. इंजिनातून धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात किंचित ओढ तयार होते, त्या ओढीने भोकातून बाहेरची हवा आत जाते. म्हणजे मागे टोकाला मशीनची नळी जे खेचते ते धूर अधिक हवा असं पाणी घातलेलं दूध असतं. त्यामुळे जुनी गाडी, जिला हवेचं प्रमाण तपासतच नाहीत, ती फुटक्या सायलेन्सरवर उलट स्वच्छ दिसते आणि पास होऊन घरी जाते. आणि बीएस फोर, बीएस सिक्स या प्रदूषण मानकांच्या पेट्रोल गाडीचं नेमकं उलटं होतं, तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतंच, शिवाय २५०० आरपीएमवर लॅम्ब्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये बसावा लागतो, तो हवेमुळे वर जातो आणि इंजिन ठणठणीत असून गाडी फेल. मग गिऱ्हाईक इंजेक्टर साफ कर, प्लग बदल, हे कर ते कर करत फिरतं आणि भोक तसंच.

भोक ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर अजून वाट लागते. सेन्सरला जास्तीची हवा लागते, गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो अजून पेट्रोल सोडतो, अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळे होतात आणि ते न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या जाळीच्या डब्यात, जाऊन जळतं, तो तापून आतली जाळी वितळते. बरं त्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणूनच तर मारुतीच्या इको गाड्यांचे कन्व्हर्टर चोरीला जातात, त्यामुळे नवीनचं बिल ऐकून माणूस खालीच बसतो. मग कोणीतरी सल्ला देतं की आतली जाळी फोडून रिकामा डबा लावा, पिकअप येईल. हे करणाऱ्या गॅरेजवाल्यांना माझा हात जोडून नमस्कार आहे, यापेक्षा जास्त छापण्यासारखं काही लिहू शकत नाही.

आमच्या कोकणात सायलेन्सर सडतो तो खाऱ्या हवेने आणि पावसाने असं सगळे म्हणतात. खरंय, पण अर्धंच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफ होऊन मागून जातं. गाडी रोज फक्त घर ते बाजार फिरत असेल तर सायलेन्सरचा मागचा डबा तापतच नाही, पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून मुंबईला सारखी ये-जा करणाऱ्या गाडीचा डबा टिकतो आणि दारात उभ्या असणाऱ्या गाडीचा जातो. डब्याला खाली कंपनीने बारीक छिद्र दिलेलं असतं ते हे पाणी जायला. ते लिकेज समजून वेल्डिंगने बुजवलेल्या गाड्या येतात माझ्याकडे, काय बोलणार.

दुरुस्तीचं म्हणाल तर गिऱ्हाईक येतानाच म्हणतं, मेस्त्री, पीयूसीपुरतं काय ते करून द्या. म्हणजे एम-सील लावा नाहीतर पत्रा गुंडाळून क्लॅम्प मारा. एम-सील त्या उष्णतेत टिकत नाही, आणि पुढच्या बाजूला साधं सिलिकॉन फासलं तर त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरच खराब करते. पत्रा चांगला असेल तर आर्गन वेल्डिंग करावं, बॅटरीची टर्मिनल काढून. सडला असेल तर तेवढा भाग कापून नवीन घालावा, कारण गंजलेल्या पत्र्यावर टाका मारला की शेजारी दुसरं भोक पडतं. आणि जोडाची गॅस्केट नवीनच टाकावी. फ्लेक्सिबल बेलो, म्हणजे पाइपातला लवचीक जोड, सारखा फाटत असेल तर बेलोला शिव्या देऊ नका, इंजिनाचं माउंटिंग नाहीतर सायलेन्सर लटकवणाऱ्या हँगरचे रबर बघा. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर टिकटिक आवाज येतो आणि तापल्यावर बंद होतो, तो बहुतेक वेळा मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या पहिल्या पाइपाचा, जोड असतो. गरम झाल्यावर धातू फुगून फट मिटते म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण तो धूर बॉनेटमध्ये सुटतो आणि ब्लोअरमधून आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही रंग नाही, प्रवासात डोकं दुखलं की आपण घाटाला दोष देतो.

आता माझी मागणी. टेस्टच्या आधी सायलेन्सर लीक नाही ना हे बघायचं आणि मशीनची नळी निदान ३०० मिलिमीटर आत घालायची, हे टेस्टच्या पद्धतीत आधीपासून लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी नळी टोकाला टेकवतात आणि गाडीचा फोटो काढतात, खाली कोणी वाकत नाही. नळी जरा बाहेर राहिली तरी हवा मिसळून आकडा कमीच येतो, म्हणजे भोक पडल्यासारखंच. पेट्रोल गाडी धड असेल तर कार्बन डायऑक्साइड १४-१५ टक्क्यांच्या आसपास दिसतो, मशीनवर तो आकडा असतो, तो ९-१० आला तर सर्टिफिकेट न देता आधी लिकेज काढून या म्हणून परत पाठवा आणि आरटीओने हाच आकडा अधूनमधून तपासावा, कोणत्या सेंटरवर काय चालतं लगेच कळेल. सेंटरवाले म्हणतील आम्ही व्हॅनमध्ये बसतो, आमच्याकडे पिट, म्हणजे गाडीखाली उतरायचा खड्डा, नाही. पिट कशाला पाहिजे? गाडी चालू ठेवून ओलं फडकं जाड घडी करून टोकाला क्षणभर दाबायचं, लीक असेल तर खालून फुसफुस ऐकू येते, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आपला,
एक गॅरेजवाला, रत्नागिरी