बॅटरी आतून कशी झिजते

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

बाबा, ज्या बॅटरीत एकही भाग हलत नाही ती झिजते तरी कशी, असे तुम्ही फोनवर विचारलेत. माझे रोजचे काम याच प्रश्नाभोवती चालते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीतला इलेक्ट्रोड, म्हणजे लिथियम साठवणारा थर, भरीव नसतो; बॅटरीत असे दोन असतात, एक ऋण बाजूला आणि एक धन बाजूला. ऋण बाजूला तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचे बारीक कण बाइंडरने चिकटवलेले असतात. हा थर जेमतेम केसाच्या जाडीचा असतो आणि त्यातली पाव ते एक तृतीयांश जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. या छिद्रांत इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव मुरलेला असतो आणि त्यातून वाट काढतच लिथियमचे आयन (विद्युतभारित अणू) तळाच्या कणांपर्यंत पोहोचतात.

आणि हालचाल आहेच, फक्त ती आपल्याला दिसत नाही. चार्जिंग होताना लिथियम ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत शिरते, तेव्हा कण सुमारे १० टक्के फुगतात आणि बॅटरी उतरताना पुन्हा आक्रसतात. पहिल्याच चार्जिंगच्या वेळी इलेक्ट्रोलाइटचे थोडे विघटन होऊन कणांवर एक पातळ साय धरते. ती हवीच, कारण पुढचे विघटन तीच रोखते. परंतु कण फुगले की ती तडकते, उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर नवी साय धरते आणि तिच्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. बॅटरीची क्षमता घटते ती मुख्यतः अशी.

माझ्या मते याहून दुर्लक्षित राहते ती छिद्रांची अवस्था. सूक्ष्मदर्शकाखाली नव्या इलेक्ट्रोडच्या छेदात कणांमधल्या काळ्या फटी स्पष्ट दिसतात. फार वापरलेल्या इलेक्ट्रोडमध्ये त्यांपैकी कित्येक या सायीने बुजलेल्या असतात. मग आयनांची वाट अरुंद आणि वळणावळणाची होते, तळाचे कण धड असूनही पुरेसे वापरले जात नाहीत, आणि बॅटरी जरा जास्त वीज मागितली की दमते. धन बाजूचे निकेलयुक्त कण अनेक सूक्ष्म स्फटिकांचे बनलेले असतात. हे स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी आक्रसत असल्यामुळे त्यांच्या सीमांवर भेगा पडतात.

आई, उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेली अवस्था या दोन्हींमुळे ही झीज वेगाने होते, म्हणून फोन तापत असताना तासन्तास चार्जरला ठेवू नकोस. कडाक्याच्या थंडीत वेगाने चार्ज करणेही वाईट, कारण तेव्हा लिथियम कणांत न शिरता त्यांच्यावर धातूच्या रूपात साचू लागते.

बाबा, बॅटरी पूर्ण उतरवून मग भरण्याची तुमची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांसाठी योग्य होती. या बॅटरीला तिचा उपयोग नाही, उलट ताणच पडतो. गेलेली क्षमता कोणत्याही युक्तीने परत येणार नाही, तेव्हा बॅटरी बदलूनच घ्या, आणि ती फुगलेली दिसली तर एकदाही चार्ज करू नका.

तुमची,
लेक