परदेशात अडकलेल्या माणसाला वकील कसा मिळतो, हे शिकवणाऱ्या वकील मॅडमना

सांगली

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर काम करताना तुम्ही आम्हा पीएलव्हींना, म्हणजे विधी स्वयंसेवकांना, परदेशातली प्रकरणं हाताळायला शिकवलंत. त्याचे हे जाहीर आभार. तुम्ही समजावलेलं आमच्या वह्यांत राहिलं तर त्याचा काय उपयोग? मुलगा दुबईत किंवा रियाधमध्ये अडकलाय, मुलगी जर्मनीत किंवा न्यू जर्सीत एकटी पडलीय, आणि आईवडील मिरजेत, विट्यात, जतमध्ये हातात फोन धरून बसलेत. हे पत्र त्या घरांपर्यंत पोचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

आटपाडी-खानापुरातून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेल्या घरांना परमुलखातली कोर्टकचेरी नवी नाही. पण देशाची हद्द ओलांडली की त्यांचाही अंदाज चुकतो. गावातल्या ठाण्यात तक्रार दिली की तिथल्या मालकाला धाक बसेल असं वाटतं, आणि त्यातच महिने जातात. म्हणून तुम्ही पहिल्याच तासाला एका प्रकरणाचे तुकडे करायला लावलेत. दुबईत केलेल्या कामाचा थकलेला पगार हा तिथल्या कायद्याचा विषय. इथे पैसे घेऊन खोटा व्हिसा देणारा एजंट हा इथल्या पोलिसांचा. घर, सातबारा, इथे लागलेलं लग्न हे इथल्या कोर्टाचं. एका माणसाचे तीन अर्ज तीन ठिकाणी जातात, आणि प्रत्येक ठिकाणी फुकट किंवा थोडक्यात मदत मिळण्याची वाट वेगळी असते. ही फोड केली नाही तर चांगला वकीलही चुकीच्या दारात उभा राहतो.

आखातातल्या पगाराच्या बाबतीत तुम्ही सांगितलेली गोष्ट ऐकून पुष्कळ घरांचा जीव भांड्यात पडला: सुरुवातीला बहुतेक वेळा वकील लागतच नाही. संयुक्त अरब अमिरातीत कामगाराची तक्रार आधी तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे जाते. 2024 पासून 50,000 दिरहमपर्यंतच्या दाव्यात मंत्रालय स्वतःच अंमलात आणता येईल असा निर्णय देऊ शकतं. प्रकरण कोर्टात गेलं तरी 1,00,000 दिरहमपर्यंतच्या दाव्याला कामगाराकडून कोर्ट फी घेत नाहीत. सौदीत आधी 21 दिवसांची समेटाची पायरी असते, ती फसली की कामगार न्यायालय. तिथे नोकरी संपल्यापासून 12 महिन्यांत दावा घालावा लागतो. कतारमध्येही मुदत एक वर्षाची. त्यामुळे ‘पुढच्या ईदनंतर देतो’ या मालकाच्या शब्दावर थांबलेला माणूस पगारही गमावतो आणि दाव्याचा हक्कही.

बिघडतं कुठे, तेही तुम्ही क्रमानं दाखवलंत. पगार मिळत नाही म्हणून माणूस वैतागून काम सोडतो, खोली सोडतो, मित्राकडे राहायला जातो. मालक लगेच तो पळून गेल्याची नोंद करतो, ज्याला सौदीत सगळे ‘हुरूब’ म्हणतात. मग तक्रार करायला गेलेलाच कायदा मोडणारा ठरतो. म्हणून आधी तक्रार, तिचा नंबर हातात, आणि काम सोडायचं ते त्यानंतर. दुसरी चूक सहीची. तिकीट आणि पासपोर्ट समोर ठेवून अरबीतल्या कागदावर सही घेतात, आणि त्यात सगळी देणी मिळाल्याचं लिहिलेलं असतं. ती सही झाल्यावर दावा जवळजवळ संपतो. कागद वाचता येत नसेल तर फोटो काढून पाठवायचा, भाषांतर हाती येईपर्यंत सही करायची नाही.

तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते. दावा चालू असताना माणूस कुणालाच मुखत्यारपत्र न देता विमानात बसतो. तिथे असताना विश्वासातल्या सहकाऱ्याच्या नावे ते करणं सोपं असतं. इथे आल्यावर अमिरातीसाठी करायचं म्हटलं तर नोटरी, राज्य शासनाचं प्रमाणीकरण, परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास, शिवाय परवानाधारक अनुवादकाकडून अरबी भाषांतर. अमिरात अपोस्टिल, म्हणजे परदेशी कागद खरा असल्याचा एकच शिक्का, मानणाऱ्या देशांत नाही, म्हणून ही लांबण. थकबाकी दोन पगारांची असेल तर ती या फेऱ्यांतच विरघळते.

परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे. 2015 पासून ते चालू आहे, आणि नातेवाइकाला सांगलीत बसून तक्रार नोंदवता येते. एवढं सोपं असूनही तक्रारी अडतात, कारण त्यात ‘माझा मुलगा संकटात आहे, वाचवा’ याशिवाय काही नसतं. तुम्ही आमच्याकडून नमुना घोटून घेतलात: पासपोर्ट नंबर, कंपनीचं पूर्ण नाव, शहर, मुलाचा चालू मोबाइल, नोकरीची तारीख, किती महिन्यांचा पगार थकला, तिथे तक्रार केली असेल तर तिचा नंबर, आणि शेवटी नेमकी मागणी एका वाक्यात. देश निवडताना चूक झाली की तक्रार भलत्याच दूतावासाकडे जाते. घरातल्या चौघांनी चार तक्रारी घातल्या की काम वाढतं, वेग वाढत नाही. आमदार-खासदारांचं पत्र घ्यायला हरकत नाही, पण त्या पत्रात मदद तक्रारीचा नंबर असला तरच पुढचा माणूस काही शोधू शकतो.

दूतावास काय करू शकत नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत याबद्दल विशेष आभार. एम्बसीचा अधिकारी तिथल्या कोर्टात वकील म्हणून उभा राहत नाही. पण भारतीयांची वस्ती मोठी आहे अशा ठिकाणी स्थानिक वकिलांचं पॅनेल असतं, आणि 2009 साली सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरज आणि ऐपत पाहून कायदेशीर मदत मिळू शकते. किरकोळ गुन्ह्यात सापडलेले किंवा मालकानं खोट्या आरोपात गोवलेले लोक त्यात येतात. मोठ्या धंद्यातल्या भांडणासाठी तो निधी नाही. अटक झालेल्या माणसानं आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करायची असते. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमानं तो हक्क दिला आहे. मागणी केली नाही तर कित्येकदा कळवलंच जात नाही.

कपाटात पडलेली, परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी काढायला लावणं, हाही तुमचाच शिरस्ता. 275 रुपयांत दोन वर्षं किंवा 375 रुपयांत तीन वर्षं एवढाच तिचा हप्ता, आणि लोकांना फक्त 10 लाखांचं अपघाती कवच माहीत असतं. नोकरीसंबंधीच्या परदेशातल्या दाव्याचा 45,000 रुपयांपर्यंतचा कायदेशीर खर्चही तिच्यात आहे. मात्र दाव्याची गरज तिथल्या संबंधित खात्यानं आणि खर्च भारतीय दूतावासानं प्रमाणित करावा लागतो. म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून ठेवायच्या आणि पॉलिसीची प्रत घरच्यांकडेही असायला हवी. व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवलेल्या पोरांकडे ही पॉलिसी नसते. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 35,400 रुपयांच्या वर सेवाशुल्क घेता येत नाही. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचा नंबर तपासायला पाच मिनिटं लागतात.

मुलींच्या बाबतीत तुम्ही जितकं थांबून शिकवलंत तितकं आम्ही कुठेच ऐकलं नव्हतं. अमेरिकेत नवऱ्याच्या व्हिसावर असलेली बाई मोफत कायदा संस्थेला फोन करते, पलीकडून नागरिकत्व विचारतात, ती ‘नाही’ म्हणते आणि फोन ठेवते. तिथल्या केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांना बहुतेक वेळा नागरिक आणि कायम रहिवाशांचीच कामं घेता येतात, हे खरं. पण घरगुती हिंसाचार सोसणाऱ्यांसाठी अपवाद आहे, आणि तो लागू व्हायला तिनं मारहाणीची, कोंडून ठेवण्याची, धमक्यांची गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगायला हवी. विद्यापीठांच्या विधी महाविद्यालयांतली मोफत केंद्रं हा दुसरा मार्ग. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील नेमून देत नाही, पण मोफत काम करणाऱ्यांची यादी मिळते, ती मागून घ्यायची.

जर्मनीत उत्पन्न कमी असेल तर स्थानिक न्यायालयातून, म्हणजे आम्ट्सगेरिश्टमधून, सल्ल्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्याला ते बेराटुंग्सहिल्फेशाइन म्हणतात, आणि ते दाखवलं की वकील सल्ल्याचे फार तर 15 युरो घेऊ शकतो. पगारपत्रक, भाडेकरार, बँकेचे उतारे बरोबर न्यायचे. आधी वकिलाकडे गेलात तर चार आठवड्यांत अर्ज करायचा, नाहीतर पूर्ण बिल अंगावर. ब्रिटनमध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस आणि लॉ सेंटर या मोफत सल्ला देणाऱ्या संस्था ही पहिली दारं. व्हिसाचा सल्ला देणारा माणूस एकतर वकील हवा, नाहीतर इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला. नोंदणीशिवाय असा सल्ला देणं तिथे गुन्हा आहे. आपलाच मराठी माणूस आहे, ओळखीचा आहे, म्हणून दिलेले पैसे कितीतरी मुलांचे बुडाले.

आणि इकडे साताऱ्यात किंवा सांगलीत माहेरी बसलेल्या मुलीला परदेशी कोर्टाचं पाकीट येतं तेव्हा? भीतीनं ते कपाटात जातं. तुम्ही सांगितलंत, पाकीट टाकायचं नाही, त्यावरचा शिक्का आणि तारीख जपायची, आणि मनानं उत्तरही पाठवायचं नाही. बिनशर्त उत्तर दिलं तर त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला असा अर्थ लागू शकतो. वकिलाकडून अधिकारक्षेत्राचा आक्षेप लिहून घ्यायचा. सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली वाय. नरसिंहराव प्रकरणात सांगितलं आहे की इथल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, बायकोनं त्या कोर्टाचा अधिकार मनापासून मान्य केलेला नसताना झालेला परदेशी घटस्फोट इथे बंधनकारक नाही. राष्ट्रीय महिला आयोगाच्या एनआरआय कक्षाकडेही अशी तक्रार करता येते.

इथल्या मोफत वकिलाबद्दल अजून गैरसमज आहेत, म्हणून तुमचेच शब्द वापरून लिहितो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या 12 व्या कलमानुसार महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतली व्यक्ती यांनाही नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाखांची मर्यादा. म्हणजे जर्मनीत राहणाऱ्या बाईचा खटला सांगलीच्या कोर्टात असेल तर तिला इथे पॅनेलचा वकील मागता येतो. त्याची फी, कोर्ट फी, टंकलेखन प्राधिकरण बघतं. वकिलानं वर पैसे मागितले तर लेखी तक्रार करायची. परदेशातल्या वकिलाची फी मात्र या योजनेत बसत नाही. तालुका विधी सेवा समितीत अर्ज चालतो, विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन चालतो. आणि हायकोर्टाचं काम असेल तर 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, सातारा-सांगलीच्या माणसाला मुंबई गाठायची गरज उरली नाही.

परदेशातून इथल्या कामासाठी पाठवलेल्या मुखत्यारपत्रात हमखास राहणारी गोष्ट म्हणजे मुद्रांक. सही भारतीय वाणिज्य दूतावासात किंवा तिथल्या नोटरीपुढे झालेली असते, अपोस्टिलही असतं, पण कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेलं नसतं, आणि ऐन वेळी तो अडतो. कुरियरचं पाकीट त्या तारखेचा पुरावा म्हणून जोडून ठेवायची तुमची सूचना आम्ही आता प्रत्येक घराला देतो.

तुम्ही तपासून दिलेला मदद तक्रारीचा नमुना आणि मुखत्यारपत्राची कागदयादी आम्ही तालुक्यांच्या पीएलव्हींना वाटली आहे. जतच्या मंडळींना आखातातल्या अपघाती मृत्यूच्या भरपाईबद्दल आणि मृतदेह आणण्याच्या कागदांबद्दल शिकायचं आहे. एक शनिवार त्यांच्यासाठी द्यावा, ही विनंती.

आपले,
सांगली जिल्ह्यातले काही विधी स्वयंसेवक