लावण्यास, संक्रांतीच्या आधी

सोलापूर
रविवार, २९ डिसेंबर २०२४

चि. लावण्यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू सहज बोलून गेलीस, "अम्मा, दहा तारखेला कार्तिकला रामचरणच्या 'गेम चेंजर'च्या पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला नेणारेय, कबूल केलंय त्याला." मी तेव्हा काही बोलले नाही. फोन स्पीकरवर होता आणि जावईबापू शेजारी बसलेले होते. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आज नानांना मंडईत पाठवलंय आणि लिहायला बसलेय. फोनवर मी सुरू झाले की तू "हो गं, हो" करून विषय बदलतेस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

आधी दुसरंच लिहिते. दर डिसेंबरात आपण दोघी वर्षभरात पाहिलेले सिनेमे काढून बसतो आणि पहिला नंबर कुणाचा यावर भांडतो. पिन्नी मध्ये पडते आणि तिचा नंबर तिसराच असतो. यंदा ते राहूनच गेलं. ४ तारखेला 'पुष्पा'च्या खेळाला ती चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर मला सिनेमाचं नाव काढावंसं वाटेना. पण वर्ष मोठं होतं गं, असं सोडून देण्यासारखं नव्हतं.

संक्रांतीला 'हनुमान' आला. महेशबाबू, वेंकटेश, नागार्जुन, तिघांचे सिनेमे त्याच तीन दिवसांत. त्यात या तेजा सज्जाच्या सिनेमाला हैदराबादेत धड थिएटरंही मिळेनात, हे तूच सांगितलं होतंस. आणि चालला तो हाच! अंजनाद्री नावाचं खोटं गाव, पण डोंगरातली ती मूर्ती पाहून नानांनी खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडले. प्रत्येक तिकिटामागे पाच रुपये अयोध्येच्या राममंदिराला देणार होते, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदाही तिकीट काढलं. मला आवडलं ते वेगळंच. फार पैसा न ओतता, मोठा हिरो न घेता, प्रशांत वर्माने तो गाव उभा केला. मागावर काम केलेल्या माणसाला कळतं, कमी सुतात कापड घट्ट विणायला काय लागतं ते.

'कल्की' आपण तुमच्याकडेच, हैदराबादेत पाहिला, जूनअखेरीला. ते शेवटचं शहर काशी, ती बुज्जी गाडी, कार्तिक खुर्चीवर उभाच होता. माझ्या डोक्यात मात्र अमिताभ राहिला. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस अश्वत्थामा म्हणून उभा राहतो आणि प्रभास त्याच्यापुढे पोरगा वाटतो. कपाळावरची जखम घेऊन युगानुयुगं जगत राहायचं म्हणजे काय, हे त्याच्या चालण्यात दिसतं. नाग अश्विनने महाभारत आणि यंत्रं एकत्र कालवलीत, त्यातलं थोडं मला जड गेलं. तू समजावून सांगत होतीस, पण मागचे लोक शू शू करायला लागले.

त्याच महिन्यात फिल्म सिटीवाले रामोजीराव गेले. फिल्म सिटीत आपण सगळे गेलो होतो तेव्हा त्या खोट्या रेल्वे स्टेशनवर नानांनी खऱ्या गाडीची वाट पाहिली होती, आठवतं?

आणि ऑगस्टात 'इंद्रा' पुन्हा लागला, चिरंजीवींच्या वाढदिवसाला, २२ तारखेला. तू मला व्हिडिओ पाठवलास, लोक पडद्यापुढे नाचत होते, कागदं उडवत होते. तू खाली लिहिलं होतंस, "अम्मा, आपला इंद्रा!" मी उत्तर दिलं नाही, तुला वाटलं मी पाहिलंच नाही. पाहिलं होतं.

२००२ साली तो इथं लागला तेव्हा तू दहा वर्षांची. नाना रात्रपाळी करून आले, तोंडावर पाणी मारलं आणि आपल्याला घेऊन निघाले. पूर्व भागातून माणसं लोटली होती, कारखान्यातली पोरं, विडीवाल्या बाया, सगळी. थिएटरवाल्यांनी लोखंडी जाळीचं सरकतं दार हातभर उघडलं, आणि मागचा सगळा लोंढा त्या फटीवर आला. तू माझ्या हाताला होतीस. तुझा हात होता, पण तू दिसत नव्हतीस. तुझ्या पिवळ्या फ्रॉकचा पट्टा जाळीत अडकला होता. तू ओरडत नव्हतीस लावण्या, तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. ओरडायला आत श्वास लागतो. नानांनी दोन्ही कोपरं भिंतीला लावून पाठ लोंढ्याला दिली आणि तुझ्यापुढं वीतभर जागा केली. तेवढ्यात पट्टा तुटला. मग आपण आत गेलो, तू बाल्कनीत चिरंजीवीची ती वीणा स्टेप नाचून दाखवलीस, सगळे हसले. रात्री कपडे बदलताना तुझ्या बरगड्यांवर जाळीच्या पट्ट्यांचे निळे वळ होते, एकाखाली एक, चार. मी हळद लावली. तुला विचारलं तर म्हणालीस, "दुखत नाही, चिरंजीवी किती भारी नाचला!"

तुला त्या दिवसातलं नाचणंच आठवतं, आणि ते तसंच राहू दे असं मी इतकी वर्षं म्हणत आले. पण आता तू तुझ्या पोराला घेऊन निघालीस.

तुमच्या आरटीसी क्रॉस रोडवर ४ तारखेला रात्री जी बाई गेली, ती तुझ्याच वयाच्या आसपासची होती. नवरा, दोन मुलं, सगळे 'पुष्पा'ला गेले होते, कारण मुलाला आवडायचा. मुलगा आठ-नऊ वर्षांचा, अजून दवाखान्यात आहे. हिरो अल्लु अर्जुन आला, त्याच्याबरोबर गर्दी आत घुसली, आणि झालं. पुढं अटक, जामीन, विधानसभेतली भाषणं, टीव्हीवर पंधरा दिवस दुसरं काही नाही. दोष कुणाचा ते कोर्ट ठरवेल. मला त्या आईचा हात डोळ्यापुढून हलत नाही. तिनंही कुणाला तरी कबूल केलं असेल.

बेनिफिट शोला, म्हणजे सिनेमा लागायच्या आधीच्या त्या जादा खेळाला, परवानगी देणार नाही असं तुमच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलंय, म्हणून तू आता म्हणतेस, "अम्मा, सकाळचा खेळ आहे, रात्रीचा नाही." अगं, जाळीचं दार सकाळीही तेवढंच उघडतं. सप्टेंबरात 'देवरा' सिनेमाचा कार्यक्रम तुमच्याकडे गर्दी आवरेना म्हणून आयत्या वेळी रद्द करावा लागला. सिनेमा लागला त्या दिवशी सुदर्शन थिएटरपाशी कटआउटला आग लागली. म्हणजे हे काही ४ तारखेलाच आभाळातून पडलं नाही. आणि 'पुष्पा'च्या त्या रात्रीच्या खेळाला तिकिटावर आठशे रुपयांची वाढ होती. आठशे रुपये नुसती वाढ! एवढे पैसे मोजलेला माणूस पहिला फ्रेम चुकू नये म्हणून धक्का देणारच. तू बँकेत कॅशवर बसतेस, तुला हिशेब मी काय सांगायचा.

आणि ऐक, चेंगराचेंगरीत माणूस पायाखाली येऊनच जातो असं नाही. उभ्या उभ्या जातो. चारी बाजूंनी दाब आला की छाती फुगत नाही. लहान मुलाचं तोंड मोठ्यांच्या पोटाशी येतं, त्याला हवाच नसते. कधी सापडलीसच तर दोन्ही हात छातीपुढं धरायचे, लोंढ्याच्या उलट जायचं नाही, तिरकं तिरकं कडेला सरकायचं, खाली पडलेलं काही उचलायला वाकायचं नाही, चप्पल जाऊ दे. पोर असेल तर खांद्यावर घ्यायचं. कार्तिक आता तुझ्याच्यानं खांद्यावर उचलला जातो का, सांग.

झालं, लागले मी शिकवायला. रागावू नकोस. तू लेकराची आई आहेस, तुला काळजी नाही असं मी म्हणत नाही.

ऑगस्टमधला 'कमिटी कुर्रोळ्ळु' तू बघ, नक्की बघ. गोदावरीकाठचं गाव, जत्रा, लहानपणची पोरं आणि मोठेपणी त्यांच्यात शिरलेली जात. सगळी नवी पोरं, पण एकजण नाटकी वाटत नाही. आणि '३५, चिन्न कथा कादु' मी फोनवर दोनदा पाहिला. तिरुपतीतलं साधं घर, नवरा देवळात स्वयंपाकी, मुलगा गणितात नापास. तो विचारतो, शून्याला किंमत नाही तर एकापुढं शून्य आलं की ते नवापेक्षा मोठं कसं होतं? मास्तर त्यालाच झीरो म्हणतो. दहावी नापास झालेली त्याची आई, निवेदा थॉमस, पुस्तक घेऊन बसते आणि आधी स्वतः शिकते. मी रडले. तू बँकेच्या परीक्षेला बसलीस तेव्हा मी तुझ्या पुस्तकातलं एक अक्षर सांगू शकत नव्हते, रात्री नुसती जागी बसायचे, टॉवेलच्या कडा शिवत. निकाल लागला त्या दिवशी नानांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि पेढे संपल्यावर पुन्हा आणायला गेले. माझ्या यादीत यंदाचा पहिला नंबर याच सिनेमाचा. भांडायचं असेल तर समोर येऊन भांड.

तुझा नंबर 'लकी भास्कर'चा असणार, मला माहीत आहे. दिवाळीला तुमच्याकडे आलो तेव्हा पाहिला. जुनी मुंबई हैदराबादेत बांधलेली, तरी दादरला काढलेले दिवस मला आठवले. दुल्कर कारकून शोभतो. ते बँक रिसीटचं प्रकरण नानांना कळेना तेव्हा तू अंधारात त्यांच्या कानाशी लागून समजावलंस. मी पडदा सोडून तुमच्याकडे बघत होते. सूत उसनं आणून माग चालवणाऱ्या माणसाला त्याची पोर शेअरबाजार समजावतेय! त्या दिवशी थिएटर अर्धं रिकामं होतं. किती सुखात पाहिला आपण.

'पुष्पा'ही मी पाहिला, लपवत नाही. २० तारखेनंतर, इथंच, दुपारी, पिन्नीबरोबर. गंगम्माच्या जातरेचा प्रसंग मी असा कधी पाहिला नव्हता. साडी नेसलेला, निळा रंग फासलेला अल्लु अर्जुन, देवी अंगात आल्यासारखा. आमच्या गल्लीत आषाढात अंगात यायचं त्या बायकांचे डोळे असेच व्हायचे. नटानं ते कुठून आणलं कोण जाणे. त्याच्या कामाला मी नावं ठेवणार नाही. पण टाळ्या पडल्या तेव्हा माझे हात उचलले गेले नाहीत, त्या पोराची आठवण आली. कार्तिक व्हिडिओ कॉलवर पुष्पासारखा हनुवटीखालून हात फिरवून "तग्गेदे ले", झुकणार नाही, करतो, आता ते बघताना माझ्या पोटात गोळा येतो. त्याला काही बोलू नकोस. त्याचं खेळण्याचं वय आहे.

सिनेमाला जाऊ नका असं मी म्हणत नाही, लावण्या. मीच तुला लावलेलं वेड ते. माझ्या आईनं विडीच्या पैशातून मला नेलं, मी तुला नेलं, तू कार्तिकला ने. फक्त पहिला दिवस सोड. चौथ्या दिवशी तोच रामचरण असतो, तीच गाणी असतात. कबूल केलंय म्हणतेस, तर अम्मम्मानं मोडायला लावलं म्हणून सांग, माझ्यावर रुसू दे. सयाजी शिंद्यांसारखा खलनायक व्हायला मी तयार आहे.

जावईबापूंना यातलं किती सांगायचं ते तू ठरव. तुझ्या सासूबाईंचा, अत्तम्मांचा गुडघा कसा आहे? त्यांना तेल पाठवलं होतं ते संपलं असेल.

आम्ही १३ तारखेला हुसेनसागरनं येतोय. नानांची तिकिटं काढून झाली. वेंकटेशचा 'संक्रांतिकि वस्तुन्नाम' १४ ला लागतोय, ते 'गोदारि गट्टु' गाणं इथं घराघरांत वाजतंय, रमण गोगुलाचा आवाज किती वर्षांनी ऐकला. त्याची १७ किंवा १८ तारखेची दुपारची तिकिटं काढ, सहा. अत्तम्मा येणार असतील तर त्यांना आणि नानांना कडेच्या सीट घे, जिना कमी चढावा लागेल अशा. रामचरणचा पण त्याच आठवड्यात बघू, कार्तिकला मीच नेईन. पैसे मी देणार, तू मध्ये बोलू नकोस. तीळ आणि शेंगाचटणी आणतेय, आणखी काय हवं ते बुधवारपर्यंत कळव. आणि १० तारखेला सकाळी कार्तिक शाळेत गेला की मला एक फोन कर.

तुझी
अम्मा